मिक्सर 750 वॉट, 14 महिने : मोटरला पैकीच्या पैकी, चटणीच्या भांड्याला भोपळा

चौथ्या महिन्यात याच मिक्सरला एक तारा दिला होता आणि खाली "कपलरसुद्धा प्लॅस्टिकचा देतात, कमाल आहे" असं लिहिलं होतं. (कपलर म्हणजे मोटरचं फिरणं पात्यापर्यंत नेणारी दातेरी चकती, एक मोटरवर, एक भांड्याखाली.) ते वाक्य मागे घेते. तारे मात्र तीनच्या वर जाणार नाहीत, आणि त्याचं कारण कपलर नाही, 400 मिलीचं चटणीचं भांडं आहे.

तीन भांडी, तीन स्पीड, एक पल्स, मोटरवर पाच वर्षांची वॉरंटी, हे डब्यावर छापलेलंच असतं. थेट वापरावर येते.

मोटर दणकट आहे. भाजलेला कांदा आणि सुक्या खोबऱ्याचं वाटण, भिजवलेली हरभरा डाळ, साताठ जिन्नसांचा गोडा मसाला, कशालाही ती दबली नाही. पहिल्या दोन-तीन वेळा वॉर्निशचा जळकट वास येतो, घाबरू नका, जातो. आपल्याकडचा मिक्सर वेगळा असावा लागतो तो याच वाटणांमुळे. मुंबईत सीमेन्समध्ये इंजिनिअर असलेल्या सत्यप्रकाश माथुरांच्या घरचा जर्मन मिक्सर आपल्या वाटणांपुढे टिकला नाही, त्यातून 1960 च्या दशकात 'सुमीत' मिक्सर झाला. दूध घुसळणं वेगळं आणि खोबरं, धणे, मिरची एकत्र बारीक करणं वेगळं.

कूट उत्तम होतं, पण अटी आहेत. दाणे भाजून, साल पाखडून, पूर्ण गार झालेले हवेत. हाताला जरा जरी कोमट लागले तरी थांबा, कारण गरम दाणा लगेच तेल सोडतो आणि कुटाऐवजी पात्याखाली लोण्यासारखा थर बसतो. एक लिटरचं भांडं निम्मंच भरायचं. स्पीड लावायचाच नाही, पल्सचे सेकंदासेकंदाचे सात-आठ झटके, चौथ्या झटक्यानंतर भांडं काढून एकदा हलवायचं. खिचडीला भरड हवं तर पाचात थांबा. सलग दहा सेकंद फिरवलंत तर वर पीठ आणि खाली गोळा.

वाटणाचा क्रम बरेच जण चुकवतात आणि दोष मोटरला देतात. आधी कोरडं: भाजलेलं खोबरं, धणे, तीळ, खसखस. ते कोरडंच बारीक झालं की मग भाजलेला कांदा, आलं, लसूण, आणि पाणी सगळ्यात शेवटी, चमच्या-चमच्याने. पाणी आधी घातलं की खोबऱ्याचे तुकडे पाण्यात नुसते गरगरतात, पात्यात सापडत नाहीत. खसखस वेगळी पंधरा मिनिटं गरम पाण्यात भिजवली तर उत्तमच, मग मात्र ती कोरड्यात नको, कांद्याबरोबर.

आता चटणीचं भांडं.

पातं आणि तळ यांच्यात किती फट आहे हे कोणी डब्यावर लिहीत नाही. घरी बघता येतं. मिक्सरवर न चढवता भांड्याच्या तळाशी हरभऱ्याएवढी कणकेची गोळी ठेवा आणि खालचा कपलर हाताने एकदा फिरवा. पातं वरची कणीक कापून नेतं, उरते ती फटीची उंची. मोठ्या भांड्यात ती दोन मिलिमीटरच्या आसपास आली. छोट्यात जवळजवळ चार! म्हणजे दोन रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवून पात्याखालून सरकवता येतील. ज्या भांड्यात सगळ्यात कमी जिन्नस पडणार, त्याचंच पातं सगळ्यात उंच.

परिणाम रोजचा. सहा पाकळ्या लसूण, दोन मिरच्या, पाव वाटी ओलं खोबरं: पहिल्या तीन सेकंदांत सगळं उडून भिंतीला चिकटतं आणि पातं हवेत फिरत राहतं. काढा, चमच्याने खाली ओढा, फिरवा, परत काढा. चार वेळा हेच केलं की मिरचीचं अख्खं साल तसंच आणि लसणीचा अर्धा तुकडा पोह्यांच्या घासात. नीट वाटलं जाण्यासाठी किमान पाऊण वाटी ऐवज आणि दोन चमचे पाणी लागतं. दोन माणसांच्या घरात रोज पाऊण वाटी चटणी करायची कुणाला?

सुक्या लसणीच्या चटणीला तर पाणी चालतच नाही. तिथे क्रमानेच भागवावं लागतं. भाजलेला सुक्या खोबऱ्याचा कीस, तीळ, तिखट, मीठ आधी फिरवायचं, लसूण शेवटच्या दोन झटक्यांपुरती. लसूण आधी पडली तर तिचा ओलावा खोबऱ्याला धरतो आणि पात्याखालच्या त्या चार मिलिमीटरमध्ये लगदा घट्ट बसतो. तो लगदा ही सगळ्या भानगडीची सुरुवात.

कारण पुढे काय होतं बघा. पात्याचा दांडा भांड्याच्या तळातल्या पितळी बुशमधून (दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी) खाली जातो, वर पाणी अडवायला रबरी सील असतं. लगदा सीलवर दाबून बसला, त्यात मीठ आणि मिरचीचं बी, की सील झिजतं. मग पाणी बुशमध्ये उतरतं आणि आतलं वंगण धुऊन नेतं. सुरुवातीला भांड्याखाली काळपट, तेलकट ओल दिसते, पुसून टाकतो आपण. पंधरा दिवसांनी दांडा हाताने फिरवताना जड लागतो. आणि एके सकाळी मोटर जोरात फिरतेय, आवाज चढलाय, पण पातं ढिम्म. कपलर गेला.

चौथ्या महिन्यातला माझा राग कपलरवर होता तो इथे चुकला. तो मऊ असतो तेच बरं. दांडा अडकला की काहीतरी तुटणारच. लोखंडी कपलर असता तर तो भार मोटरच्या गुंडाळीवर गेला असता. साठ रुपयांचा कपलर तुटून मोटर वाचते. पण दुसरा कपलरही सहाच आठवड्यांत सोलला, तेव्हा बाकीची दोन भांडी हाताने फिरवून बघितली. लोण्यासारखी फिरत होती. छोटं दोन बोटांनी फिरेना. भांडं दुरुस्त न करता नुसते कपलर बदलत राहणं म्हणजे नळ गळतोय म्हणून रोज फरशी पुसणं.

बंद पडल्यावर काय गेलंय ते आवाजावरून कळतं. मोटर फिरते आणि पातं नाही: कपलर. मोटर नुसती गुणगुणते: पातं अडकलंय, तत्क्षणी बंद करा, पाच सेकंदही धरू नका. काहीच आवाज नाही: बुडाशी लाल बटण आहे, ओव्हरलोडचं. भांडं हलकं करून दहा मिनिटं थांबा आणि मग दाबा. गरम असताना दाबलं तर बसत नाही. जाळीतून बारीक निळसर ठिणग्या दिसतात त्या कार्बन ब्रशच्या (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे दोन तुकडे) आणि चालतात. पिवळ्या, मोठ्या, वासासकट असतील तर ब्रश झिजलेत, दोन्ही एकदम बदलायचे.

कपलर घरी बदलता येतो. अडचण असते ती आट्यांच्या दिशेची. बटण क्षणभर दाबून सोडा, थांबताना मोटर कुठल्या बाजूला फिरते ते बघून ठेवा आणि मग प्लग काढा. मोटरवरचा कपलर त्याच दिशेला फिरवला की सुटतो. चालताना भाराने तो आवळत जावा म्हणून आटे तसे पाडलेले असतात. भांड्याखालचा बरोबर उलट, पातं फडक्यात धरून विरुद्ध दिशेला (दिशा भांडं सरळ धरून वरून बघितल्याची). सवयीने भलतीकडे जोर लावला की तो आणखी आवळतो आणि दात सोलतात. मोटरचा दांडा धरून ठेवायला बुडाच्या भोकातून स्क्रू-ड्रायव्हर लावायचा, दांड्याच्या टोकाला खाच असते. त्यासाठी मिक्सर आडवा करा, उलटा नको, उलटा केला की दिशेचा गोंधळ होतो. कपलरखाली एक पातळ वॉशर असतो. तो जुन्या कपलरला चिकटून कचऱ्यात जातो, मग नवा कपलर खाली घासून वितळतो. तो वॉशर आधी शोधा.

सर्व्हिस सेंटरबद्दल थोडक्यात. भांडं आणि कपलर वॉरंटीत नाहीत, "झीज होणारे भाग" म्हणे. येण्याचे 350, आणि बुश वेगळा मिळत नाही, भांडंच घ्या, 1,150. "मॅडम, तुम्ही भांडं पाण्यात बुडवून ठेवत असणार," हे न बघताच सांगितलं. (ठेवत होते, हे खरं आहे. पण त्यांना कसं माहीत?) पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या तोंडाशी एका टपरीवजा दुकानात बुश, सील, नवीन दांडा मिळून 180 रुपये आणि वीस मिनिटं. जाता जाता सांगितलं तर त्याने पात्याखाली घालायचा एक वॉशर कमी करून फटही मिलिमीटरभर उतरवून दिली. तेवढ्यानेच सहा पाकळ्यांची चटणी पहिल्यांदा एका खरवडण्यात झाली. म्हणजे कारखान्यात हे करणं अवघड नव्हतं. तिसऱ्या ताऱ्यासाठी तेव्हा विचार केला. दुरुस्ती आपण करायची आणि तारा त्यांना द्यायचा हे पटलं नाही, पण मोटरसाठी दिला.

त्यानंतर आठ महिने गळती नाही. बदल दोनच केले. भांडं वापरल्यावर लगेच अर्धी वाटी पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून पाच सेकंद फिरवायचं, धुवायचं आणि आडवं वाळवायचं. सिंकमध्ये रात्रभर भिजत घालणं बंद. आणि महिन्यातून एकदा भांड्यात दोन बोटं पाणी भरून वर्तमानपत्रावर पंधरा मिनिटं ठेवायचं. कागदावर गोल डाग उमटला तर सील चाललंय, बुश जायच्या आत बदला, नुसतं सील पन्नासात होतं. जाडं मीठ फिरवून पात्याला धार लावायचा सल्ला सगळीकडे फिरतोय. त्याने धार येताना दिसली नाही. मीठ बुशमध्ये गेलं तेवढं मात्र नक्की.

इडलीच्या पिठासाठी घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. माहितीपत्रकात 30 मिनिटं लिहिलंय ते सलग नाही: पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद, असे सहा फेरे. एक वाटी उडीद आणि तीन वाट्या उकडा तांदूळ दीड लिटरच्या भांड्यात तीन घाण्यांत होतात. उडीद पहिला, दोन मिनिटांपेक्षा जास्त नाही आणि फ्रिजमधल्या थंड पाण्यात, कारण पात्याच्या वेगाने पीठ तापतं आणि तापलेलं पीठ फुगण्याऐवजी आंबूस, चपटं होतं. उन्हाळ्यात दोन बर्फाचे खडे. रोजची आठ माणसं असतील तर मिक्सरचा नाद सोडा, ओला ग्राइंडर घ्या.

मोठ्या भांड्याचं झाकण बरं आहे, पण गरम टोमॅटो-कांदा घालून झाकण दाबू नका. वाफ आत कोंडते आणि पहिल्याच फेरीत झाकण उडतं, ओट्यापासून टाइल्सपर्यंत लाल. गार करायचं, ते जमत नसेल तर निम्मं भांडं भरून झाकणाचं मधलं छोटं टोपण काढायचं आणि वर फडकं धरायचं. मसाल्याचं उलट: दळून झाल्यावर दोन मिनिटं झाकण उघडू नका. मिरचीची धूळ खाली बसायला तेवढा वेळ लागतोच.

घ्यावा का? मोटरसाठी हो. दुकानात मात्र बटणं दाबत बसण्यापेक्षा छोटं भांडं मागवा, उलटं करून कपलर हाताने फिरवा, आत दोन नाणी घालून बघा. आणि कधी वेगळं चटणीचं भांडं घ्यायची वेळ आली तर जुनं सोबत न्या. कपलरचे दात कुठे तीन, कुठे सहा असतात आणि बघून सगळे सारखेच वाटतात.