लग्न न करता वेगळं झालेल्या बाबांसाठी वकील: शिवाजीनगर, पुणे (5 पैकी 4 स्टार)

रिव्ह्यू जरा मोठा होणारे, पण अशा केसबद्दल मराठीत धड काही वाचायला मिळत नाही म्हणून सविस्तर लिहितेय. माझा धाकटा भाऊ आणि त्याची पार्टनर बाणेरला एकत्र राहायचे, लग्न दोघांनाही करायचं नव्हतं. मुलगी आता साडेतीन वर्षांची आहे. गेल्या वर्षी दोघांचं फिसकटलं, ती मुलीला घेऊन नाशिकला माहेरी गेली आणि भेटी कमी होत होत बंदच झाल्या. आधी ज्या वकिलांकडे गेलो (नाव लिहीत नाही) त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, पैसे पाठवणं बंद करा, आपोआप भेट मिळेल. पोरीच्या दुधाचे न् पाळणाघराचे पैसे अडवून तिलाच भेटायला जायचं, हे आम्हा दोघांनाही पटलं नाही. मग माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने या मॅडमचा नंबर दिला.

मॅडमनी बसल्याबसल्या आधी मुलीचा जन्मदाखला मागितला आणि वडिलांच्या रकान्यावर बोट ठेवून भावाचं नाव नीट वाचलं, स्पेलिंग आधारशी जुळतंय का तेही बघितलं. ते नाव असलं की मूल कुणाचं यावर वाद घालायला फार जागा राहत नाही म्हणे. मग कटू होतं ते सरळ सांगितलं. 1956 च्या हिंदू मायनॉरिटी ॲंड गार्डियनशिप ॲक्टच्या कलम 6 प्रमाणे लग्नाशिवाय झालेल्या मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर बाप. शिवाय पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळच राहतं, त्यामुळे आत्ता कस्टडीसाठी भांडून पैसा आणि वर्षं घालवू नका, भेटीचा हक्क मागा, तो मागायला बापाला 1890 च्या गार्डियन्स ॲंड वॉर्ड्स ॲक्टखाली कोर्टात जाता येतं आणि कोर्ट बघतं ते मुलीचं हित. भाऊ तिथेच रडला. मॅडमनी घाई केली नाही, पाणी दिलं, बाहेरच्या क्लायंटला थांबायला सांगितलं.

पैशाचं तर मला स्वतःला नव्याने कळलं. लग्न नाही म्हणून बापाची जबाबदारी सुटत नाही, पूर्वी सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम 125 होतं ते 1 जुलै 2024 पासून बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 144 झालंय, त्यात लग्नाशिवायच्या मुलाचाही खर्च मागता येतो. आणि हिंदू कायद्यात मुलाला पोसायची जबाबदारी आई आणि बाप दोघांवर आहे, म्हणून आकडा ठरवताना दोघांचं उत्पन्न बघतात. सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता, कर्ज सगळं ॲफिडेव्हिटवर द्यावं लागतं, तेव्हा पगार लपवायचा विचारही करू नका असं त्यांनी भावाला बजावलं. भेट मिळो न मिळो, दर महिन्याला पैसे बँकेतूनच जायला हवेत, रोख एक रुपया द्यायचा नाही, आणि ट्रान्सफर करताना रिमार्कमध्ये 'पाळणाघर जुलै' असं स्पष्ट लिहायचं. पैसे आणि भेट ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीसाठी दुसरी अडवायची नाही, हे त्या दर मीटिंगला बोलतात, आणि मुलीच्या आईलाही त्यांनी हेच सांगितलं.

लिव्ह-इन होतं म्हणजे मुलीच्या आईला स्वतःसाठी काहीच मागता येणार नाही अशा भ्रमात राहू नका, हेही बोलल्या, कारण 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात लग्नासारखं नातंही धरलं जातं. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, तो मालकीचा वेगळा वाद, मुलीच्या अर्जात घुसवायचा नाही. आणि एक गोष्ट आमच्या डोक्यातच नव्हती, ती त्यांनी आपणहून काढली. हिंदू वारसा कायद्यात लग्नाशिवायचं मूल आईचं वारस आपोआप होतं, बापाचं तसं होत नाही, तेव्हा मुलीसाठी मृत्युपत्र करून ठेवा आणि विम्याचं नॉमिनेशन तपासा. फी वाढवायची म्हणून नाही, मृत्युपत्र दुसऱ्या कुणाकडूनही करून घ्या म्हणाल्या.

मुलगी नाशिकला राहते म्हणून अर्ज नाशिकच्याच कोर्टात करावा लागेल हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पुण्यात दाखल करू, बघू पुढे, असं म्हणून त्यांना आमच्याकडून पैसे काढता आले असते. त्याआधी त्यांनी समोरच्यांना साधं पत्र पाठवलं, धमकी नाही, नोटिशीची भाषा नाही, आणि मुलीची आई बोलायला तयार झाली. समझोत्याच्या मसुद्यात ज्युनियरने 'सोयीनुसार भेट' लिहिलं होतं, मॅडमनी पेनाने खोडलं, सोय कुणाची म्हणून विचारलं आणि त्या जागी एकाआड एक शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, मुलीला आणायचं-सोडायचं आजीच्या सोसायटीच्या गेटवर, बुधवारी सात वाजता व्हिडिओ कॉल, गणपती आणि दिवाळीत कुठला दिवस कुणाचा, सगळं लिहिलं. रात्री मुक्काम लगेच नाही, ती रुळली की मग. आता भेटी सुरू झाल्यात आणि हेच कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटी, म्हणून नाशिकला कोर्टात दाखल होईल, म्हणजे उद्या कुणी फिरलं तर हातात कोर्टाची ऑर्डर असेल. आत्या म्हणून मला किती बरं वाटलंय ते लिहून सांगता येत नाही.

एक स्टार कापला कारण संध्याकाळी सहानंतर फोन कुणी उचलत नाही, मेसेजला उत्तर दोन-दोन दिवसांनी येतं, आणि अशा प्रकरणात माणूस रात्रीच जास्त घाबरतो. मसुदे सगळे इंग्रजीत, आम्ही मागितल्यावर मराठीत समजावून सांगितलं पण लेखी मराठी मिळालं नाही. पहिल्या तासाचे 2500, प्रत्येक मसुद्याचे वेगळे, पण आकडा आधी सांगतात आणि पावती देतात.

पार्किंग मिळत नाही, मेट्रोने जिल्हा न्यायालय (आधीचं सिव्हिल कोर्ट) स्टेशनला उतरून चालत जा. जाताना मुलाचा जन्मदाखला, सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट आणि व्हॉट्सॲपवरच्या भेटीबद्दलच्या बोलण्याचे प्रिंट न्या, नाहीतर पहिला तास कागद गोळा करण्यातच जातो. सकाळची वेळ घेऊ नका, त्या कोर्टात असतात.