भोसरीतल्या छोट्या शॉपमध्ये व्हीएमसी: वर्षभर चालवल्यावरचा हिशेब

मशीन आहे थ्री-ॲक्सिस व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं, कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन. ट्रॅव्हल (ॲक्सिस सरकण्याचं अंतर) ८०० × ५०० × ५०० एमएम, बीटी-४० मापाचं स्पिंडल (टूल धरून फिरवणारा दांडा), ८००० आरपीएम, २४ टूलचा एटीसी (आपोआप टूल बदलणारा भाग), कंट्रोल फॅनुक कंपनीचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. राजकोट-बंगळूरुकडची या मापाची मशीनं कॅटलॉगवर उन्नीस-बीसच असतात आणि खालचं बहुतेक सगळं कुठल्याही मशीनला लागू पडेल. आमचं काम जॉबवर्कचं: ॲल्युमिनियम ६०६१, ईएन-८ (कार्बन स्टील), अधूनमधून एसएस ३०४ (स्टेनलेस). लॉट पाच नगांपासून दोनशेपर्यंत.

आधी पैशाचं, कारण शेजारचे गाळेवाले तेच आधी विचारतात. मशीन २८ लाख अधिक १८ टक्के जीएसटी. जीएसटीचं क्रेडिट मिळतं, पण मिळेपर्यंत ते पैसे अडकतात, हे कुणी सांगत नाही. मग खरी खरेदी सुरू होते: टूल धरायचे होल्डर, कोलेट आणि पुल स्टड, जॉब (कापायचा तुकडा) आवळायचे दोन चांगले व्हाइस, बोअरिंग हेड, कॉम्प्रेसर, स्टॅबिलायझर, फाउंडेशन. यात पाच लाख कधी गेले कळलंही नाही. २५ लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के, पाच वर्षं, म्हणजे हप्ता जवळजवळ ५४ हजार.

एका शिफ्टचा महिना असा पडतो (आकडे हजारांत): हप्ता ५४, ऑपरेटर २४, प्रोग्रॅमरचा निम्मा पगार १८ (तो लेथही बघतो), वीज १४, टूल आणि इन्सर्ट (बदलता येणाऱ्या धारा) १८, गाळ्याच्या भाड्यातला वाटा १५, कूलंट-ऑइल-किरकोळ ७. एकूण दीड लाख. महिन्याला २६० तास धरले तर तासाला ५७७ रुपये. आम्हाला मिळणारा रेट आहे ४५०. म्हणजे मशीन दिवसभर कापत राहिलं तरी खड्डाच. दुसरी शिफ्ट लावली की हप्ता, भाडं आणि प्रोग्रॅमर तेवढेच राहतात, बाकीचं जवळजवळ दुप्पट होतं. एकूण खर्च २ लाख ९ हजार, तास ५२०, म्हणजे तासाला ४०२. नफा सुरू होतो तो रात्रीच्या शिफ्टला. ज्याच्याकडे दोन शिफ्टचं काम हातात नाही, त्याने हप्त्यावर नवं मशीन घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हेही तास पूर्ण कापण्याचे धरले आहेत. पार्टी पैसे देते सायकल टाइमचे, म्हणजे एका नगाला मशीन चालतं तेवढ्या वेळेचे. व्हाइस डायल (बारीक फरक दाखवणारा काट्याचा गेज) मारून सरळ करणं, जी-५४ (जॉबचा शून्यबिंदू) घेणं, टूलच्या लांब्या मोजणं, पहिला पीस तपासणं, ऑफसेट (मापाची दुरुस्ती) देऊन परत चालवणं, या सगळ्यात दीड-दोन तास जातात आणि ते बिलात कुठेच दिसत नाहीत. पाच नगांच्या लॉटला मी आता सेटिंगचे पैसे वेगळे लावतो. दोन पार्ट्या नाराज होऊन गेल्या, त्यातली एक परत आली.

आता मशीन काय करतं ते. ड्रॉइंगवर ६२०४ बेअरिंगचा हाउसिंग बोअर (बेअरिंग बसायचं भोक) असतो, टॉलरन्स (मापात चालणारी सूट) ४७ एच-७, म्हणजे ४७.००० ते ४७.०२५. नवीन प्रोग्रॅमर एंडमिल (दांडीसारखा कटर) गोल फिरवून तो काढतो, टूल बदलायचं वाचतं म्हणून. बोअर डोळ्याला सुंदर दिसतो. बोअर डायल फिरवला की एक्स आणि वाय ॲक्सिस जिथे दिशा बदलतात त्या चार जागी काटा हलतो, आणि उजेडात धरल्यावर तिथे बारीक रेघही दिसते. बॉल स्क्रूचा (ॲक्सिस सरकवणाऱ्या स्क्रूचा) बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलतानाची ढिलाई, कंट्रोलमध्ये कितीही भरून काढला तरी हे थोडं उरतंच. बोअरिंग हेड (एका धारेने भोक मापात आणणारं टूल) लावलं की दोन्ही ॲक्सिस उभ्या राहतात, फक्त झेड खाली येतो, आणि बोअर खरोखर गोल निघतो. आता रफिंग एंडमिलने, फिनिश बोअरिंग हेडने.

तोच बोअर गरम असताना मोजला तर आणखी एक घोळ. ॲल्युमिनियम मीटरला एका अंशामागे २३ मायक्रॉन वाढतं. जॉब रिंग गेजपेक्षा (बोअर डायल जुळवायच्या नेमक्या मापाच्या कड्यापेक्षा) १२ अंशांनी गरम असेल तर ४७ च्या बोअरला १३ मायक्रॉन, म्हणजे अर्धा टॉलरन्स तिथेच खलास. मशीनवर ४७.०१० दाखवणारा बोअर थंड झाल्यावर मायनसमध्ये जातो आणि बेअरिंग बसत नाही. ऑपरेटर म्हणतो "मशीन भरकटतंय". मशीन जिथल्या तिथे असतं. पार्ट आणि गेज एकाच सरफेस प्लेटवर तासभर ठेवायचे, मग मोजायचं.

रिपीटेबिलिटीला (तेच माप पुन्हा पुन्हा देण्याला) मात्र दाद द्यावी लागेल. मशीन सकाळी अर्धा तास गरम करून घेतलं, तर पहिल्या आणि शेवटच्या नगातला फरक बहुतेक वेळा इन्सर्टच्या झिजेचाच असतो.

८००० आरपीएम घेताना पुरेसे वाटले होते. ॲल्युमिनियमला मिनिटाला २५० मीटर कटिंग स्पीड धरला तर १० एमएमच्या कटरला ८००० च लागतात, ६ एमएमला १३ हजारांच्या वर. बारीक पॉकेटची कामं करणाऱ्यांनी जास्त आरपीएमचं स्पिंडल घ्यावं. ईएन-८ वाल्यांना फरक पडत नाही. ॲक्सिस एलएम गाइडवर (बॉल-रोलरच्या रुळांवर) सरकाव्यात की बॉक्स वेवर (घासून सरकणाऱ्या जाड रुळांवर), हा वाद कॅन्टीनमध्ये संपत नाही. आमच्यासारख्या हलक्या कटला एलएम ठीक आहे, दिवसभर स्टीलचे ठोकळे सोलायचे असतील तर बॉक्स वे बघा.

डिझाइनवाल्यांना एक हात जोडून विनंती. पॉकेटचा आतला कोपरा काटकोनात निघत नाही, कटर गोल असतो. ४० एमएम खोल पॉकेटला ३ एमएम त्रिज्या द्याल तर ६ एमएमचा कटर होल्डरबाहेर ४० लोंबणार, मग तो थरथरणार, फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) पाव करावा लागणार आणि तेवढे पैसे तुमच्याच बिलात येणार. त्रिज्या ६ केली तर १२ चा कटर बसतो. तसंच प्रत्येक मापाला ±०.०२ लावू नका. आयएसओ २७६८ या सर्वसाधारण टॉलरन्सच्या स्टँडर्डच्या मीडियम वर्गात ३० ते १२० च्या मापाला ±०.३ चालतं. जिथे काही बसणार आहे तिथेच आवळा.

कटकटी तीन. पहिली कूलंट: गुरुवारच्या सुट्टीनंतर शुक्रवारी सकाळी दार उघडलं की वास येतो, पावसाळ्यात जास्तच. वर तरंगणारं स्लाइडवे ऑइल काढून टाकायचं आणि रिफ्रॅक्टोमीटरने पाण्यातलं कूलंटचं प्रमाण बघायचं, एवढ्यावर बरंच निभावतं. दुसरी हवा: जुलैमध्ये लाइनमध्ये पाणी येतं, टूल अनक्लॅम्प होताना अडतं. एअर ड्रायर मशीनबरोबरच घ्या. तिसरी बॅटरी: स्क्रीनवर बॅट लुकलुकायला लागलं की कंट्रोल चालू ठेवूनच बदलायची. बंद करून काढली तर पॅरामीटर उडू शकतात आणि मशीन आंधळं होतं.

सर्व्हिसबद्दल मन खट्टू आहे. एटीसीचा आर्म मधेच अडकला तेव्हा "इंजिनिअर उद्या येतो" हे वाक्य आम्ही आठवडाभर ऐकलं. वॉरंटीत पार्ट फुकट मिळाला, पण बुडालेल्या शिफ्टचं कोण देणार? कोटेशनमध्ये किती तासांत माणूस येईल हे लिहून घ्या, आणि पुण्यात त्यांचे किती इंजिनिअर बसतात ते नावानिशी विचारा.

सध्या दोन्ही शिफ्ट भरलेल्या आहेत, त्यामुळे मशीनवर मी खूश आहे. नव्याने घेणाऱ्यांनी चिप कन्व्हेयर नक्की घ्यावा. ॲल्युमिनियमची बर (कापताना निघणारा चुरा) फावड्याने काढण्यात शिफ्टचा चांगला वेळ जातो, आणि ती कोरडी, वेगळी ठेवली तर भंगारवाला बरा भाव देतो. फोर्थ ॲक्सिस (जॉब फिरवणारी चौथी ॲक्सिस) आज परवडत नसेल तरी त्याची वायरिंग आणि कंट्रोलमधली सोय ऑर्डर देतानाच मागून घ्या. नंतर बसवायला आम्हाला आलेलं कोटेशन ड्रॉवरमध्ये पडून आहे.