एकाच आरएमसी प्लांटशी लेखी करार: बऱ्याच स्लॅबनंतरचा अनुभव

नाशिकमध्ये आमचं चार मजली इमारतीचं काम चालू आहे. पूर्वी दर स्लॅबच्या आधी तीन-चार आरएमसी (रेडी-मिक्स, म्हणजे तयार काँक्रीट गाडीतून पुरवणाऱ्या) प्लांटना फोन लावायचा आणि ज्याचा रेट कमी त्याला ऑर्डर द्यायची, अशी पद्धत होती. पावसाळ्याआधी एकाच प्लांटशी वर्षाचा लेखी करार केला.

घनमीटरमागे आम्ही बाजारातल्या सर्वांत खालच्या रेटपेक्षा थोडे जास्तच मोजतो. तरी मला हा सौदा स्वस्त वाटतो. स्लॅबच्या दिवशी गाडी लांबली की पंपाचं भाडं आणि बसून राहिलेल्या मजुरांची हजेरी चढत जाते. त्याहून वाईट म्हणजे आधी ओतलेलं काँक्रीट घट्ट व्हायला लागतं आणि नव्या-जुन्या थरात जोड राहतो, तिथूनच पुढे गळती सुरू होते. रेडी-मिक्स काँक्रीटच्या आयएस ४९२६ या भारतीय मानकानुसार माल भरल्यापासून साधारण दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी. एका जुन्या प्लांटने आमची गाडी मध्येच मोठ्या बिल्डरच्या साईटवर वळवली होती. आता आदल्या संध्याकाळी प्लांटवरूनच फोन येतो: सेंट्रिंग (स्लॅबखालचा साचा आणि टेकू) चेक झालं का, पंप कुठे लावणार, गाडी वळायला जागा आहे ना?

हे प्रेमापोटी होत नाही, बिल तारखेला मिळतं म्हणून होतं. करारात ३० दिवस लिहिलेत. प्लांट ‘उद्यम’ या सरकारी नोंदणीतला लघु उद्योग आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याने अशांना लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. व्यापाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही, आणि ते मला पटत नाही. सळईच्या दुकानदाराचंही भांडवल अडकतंच. त्याचं बिलही आम्ही त्याच मुदतीत चुकतं करतो.

विश्वास बसला म्हणून तपासणी सोडलेली नाही. काँक्रीट घनमीटरला साधारण २४०० किलो भरतं, म्हणजे ६ घनमीटरच्या गाडीत निव्वळ माल साडेचौदा टनांच्या आसपास हवा. अधूनमधून एखादी गाडी न सांगता बाहेरच्या वजनकाट्यावर नेतो, भरलेली आणि रिकामी. एकदा माल कमी भरला. गाडीसोबतचं डिलिव्हरी चलन आणि काट्याची पावती पाठवली, तर वाद न घालता क्रेडिट नोट (बिलातून तेवढी रक्कम वजा केल्याची चिठ्ठी) आली. ४० घनमीटरच्या स्लॅबला आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या मानकाप्रमाणे चार नमुने, प्रत्येकी तीन क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) भरतो. माल घट्ट वाटला की मजूर ‘पाणी सोडा’ म्हणून ओरडतात, पण आमच्या इंजिनिअरच्या सहीशिवाय गाडीत पाणी घालायचं नाही, हे प्लांटने ड्रायव्हरना बजावलंय. हा या प्लांटचा सर्वांत मोठा गुण.

तक्रार एकच. सिमेंट महागलं की रेटवाढीचं पत्र लगेच हजर, उतरलं की आम्हीच मागे लागायचं. करार पुढे चालू ठेवणार आहे, पण सिमेंटचा भाव चढो वा उतरो, रेट त्याच हिशेबाने बदलेल, असं कलम त्यात हवंच. मसुदा त्यांच्या मालकांकडे दिलाय.