तळ्याकाठच्या घरी उन्हाळी बाग: जमिनीतला वाफा, चौकटीचा वाफा की कुंड्या?

तळ्याकाठच्या घरी उन्हाळा काढायचं ठरलं की बागेचा विषय निघतोच, आणि मग बहुतेक जण मातीपासून सुरुवात करतात. मातीकडे बघावं लागतंच, पण त्याआधी एक हिशेब करा: त्या घरात सलग किती दिवस कुणी ना कुणी असणार आहे? दहा-बारा आठवड्यांचा मुक्काम असेल तर खालचे तिन्ही पर्याय खुले आहेत. फक्त शनिवार-रविवारी जाणं-येणं असेल तर साध्या कुंड्या बाद धरा. पंधरा दिवसांतून एक फेरी होणार असेल तर भाज्यांचा नाद सोडून त्या हवामानात आपलं आपण जगणारी झुडपं लावलेली बरी.

| | जमिनीतला वाफा | चौकटीचा उंच वाफा | कुंड्या |
|---|---|---|---|
| भर उन्हाळ्यात पाणी | आठवड्यातून १-२ वेळा | आठवड्यातून ३ वेळा | रोज |
| कुणी नसताना तग | ५-७ दिवस, आच्छादन असेल तर | २-३ दिवस. ठिबक असेल तर बरंच जास्त | १ दिवस. तळाला पाण्याचा साठा असेल तर ३-५ दिवस |
| सुरुवातीची मेहनत | खणणं, तण काढणं | चौकट बांधणं, माती वाहणं | जवळजवळ नाही |
| बहुधा कशामुळे फसतं | वर आलेलं भूजल, ससे, हरणं | चौकट फुगणं, माती खचणं | मुळं तापणं, वारा |

जमिनीतला वाफा

सगळ्यात कमी पाण्यावर चालणारा आणि चुका पोटात घालणारा पर्याय हाच. पण तळ्याकाठी तो जमेलच असं नाही. दोन चाचण्या आधी करा.

पहिली भूजलाची. साठ सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि एक रात्र तसाच ठेवा. सकाळी तळाशी पाणी दिसलं तर तिथे जमिनीतला वाफा करू नका. टोमॅटोसारख्या झाडांची मुळं त्या थरापर्यंत पोचली की हवा मिळत नाही, पानं पिवळी पडतात, आणि माणूस पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी घालतो.

दुसरी निचऱ्याची. तीस सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या, पुन्हा भरा आणि या दुसऱ्या खेपेला पातळी तासाला किती उतरते ते पट्टीने मोजा. अडीच ते साडेसात सेंटिमीटर उतरली तर उत्तम. त्याहून हळू असेल तर चिकणमाती आहे. अशा मातीत वाळू मिसळायचा सल्ला बरेच जण देतात, तो ऐकू नका. थोडीशी वाळू पडली तर चिकणमाती आणखी घट्ट होते. कंपोस्ट घाला आणि वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जास्तीची ओल जाऊन माती मोकळी झाल्याशिवाय खणू नका. ओल्या मातीत फावडं मारलं तर पडलेली ढेकळं हंगामभर फुटत नाहीत. पाणी फार झरझर उतरलं तर जमीन रेताड आहे. तिथे पाणी थोडं-थोडं पण जास्त वेळा द्यावं लागेल.

आणखी एक गोष्ट, जी घर नवीन घेतलेल्यांच्या लक्षात येत नाही. अशा घरांना बहुधा सेप्टिक टाकी आणि तिचे शोषचर, म्हणजे टाकीतलं सांडपाणी जमिनीत जिरवणारे चर असतात. अंगणातली सगळ्यात हिरवीगार, सपाट, मोकळी पट्टी अनेकदा तीच असते आणि बागेसाठी डोळा नेमका तिच्यावरच जातो. तिथे भाजीपाला लावू नका, चौकटीचा वाफा तर ठेवूच नका. वजनाने माती दाबली जाते, चरांना हवा मिळेनाशी होते आणि सांडपाणी जिरणं मंदावतं. चरांपासून किमान तीन मीटर अंतर सोडा. चर नेमके कुठे आहेत ते घराच्या नकाशावरून आधी शोधा.

चौकटीचा उंच वाफा

भूजल वर असेल, माती चिकण असेल किंवा कुटुंबात गुडघेदुखीवाले असतील, तर हाच घ्या. रुंदी १२० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो. मुलांसाठी वेगळा वाफा करणार असाल तर ७५ ते ९० सेंटिमीटर पुरे. पालेभाजीला २५ ते ३० सेंटिमीटर उंची चालते. चौकटीखालची जमीन कामाची नसेल तर टोमॅटो-मिरचीला ४० ते ४५ लागते.

मातीचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. २.४ मीटर लांब, १.२ रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच वाफ्यात ८६४ लिटर माती मावते. ती पहिल्या काही आठवड्यांत खचते, म्हणून साडेनऊशे लिटरच्या आसपास धरा. सत्तर लिटरच्या हातगाडीने त्या तेरा-चौदा फेऱ्या होतात, आणि ओल्या मातीचं वजन घनमीटरला टनाच्या वर जातं. तळ्याकाठची घरं अनेकदा उतारावर असतात. माती आणणारं वाहन कुठपर्यंत येतं आणि तिथून वाफा किती खाली आहे, हे बघूनच जागा ठरवा. उतारावर वाफा आडवा बसवा, म्हणजे त्याची लांब बाजू तळ्याला समांतर येईल. खालच्या अंगाची फळी जमिनीत रुतवून चौकट समपातळीत घ्या, नाहीतर सगळं पाणी एका टोकाला साचतं.

फळ्या चार-पाच सेंटिमीटर जाडीच्या हव्यात. लांबी दोन मीटरच्या आसपास गेली की मधोमध आडवी पट्टी किंवा सळई द्या. ती नसेल तर पहिल्याच मोठ्या पावसात ओली माती फळी बाहेर ढकलते. जुने रेल्वे स्लीपर फुकट मिळाले तरी वापरू नका, त्यांना क्रिओसोट हे विषारी डांबरी तेल पाजलेलं असतं. जुन्या प्रक्रिया केलेल्या लाकडात आर्सेनिक असू शकतं. भरताना साधारण दोन भाग पोयट्याची माती आणि एक भाग कुजलेलं कंपोस्ट घ्या. तळाशी खडीचा थर देऊ नका. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या खडीत सहजी उतरत नाही, त्या सीमेवरच अडून राहतं आणि मुळं कुजतात. तळाशी चिकटपट्ट्या काढलेला जाड पुठ्ठा अंथरला की गवत दबतं आणि पुठ्ठा पुढे आपोआप कुजतो.

कुंड्या

एका झाडाला लागणारा आकार असा: टोमॅटो किंवा काकडीला २० लिटर, मिरचीला १० ते १२, पुदिन्यासारख्या सुवासिक पानांना ३ ते ५. पुदिना तर कुंडीतच बरा, वाफ्यात सोडला की सगळीकडे पसरतो. पालेभाजीला पंधरा सेंटिमीटर खोलीचं रुंद पातेलंसुद्धा चालेल, फक्त बुडाला भोकं हवीत.

पाण्याकडे तोंड केलेल्या डेकवर कुंड्या शोभतात खऱ्या, पण तिथे त्यांचे हाल होतात. मोकळ्या पाण्यावरून येणारा वारा अडवायला काही नसतं, त्यामुळे माती लवकर सुकते आणि उंच झाडाची कुंडी कलंडते. काळी प्लॅस्टिकची कुंडी पश्चिमेच्या उन्हात इतकी तापते की कडेची मुळं मरतात. फिक्या रंगाच्या, रुंद बुडाच्या कुंड्या घ्या. वाऱ्याच्या बाजूला निम्मा वारा आरपार जाऊ देणारी जाळी बांधा. भरीव भिंतीमागे वारा भोवऱ्यासारखा खाली आपटतो, जाळीमागे तो मंदावतो. वजनही बघा: चाळीस लिटरची भिजलेली कुंडी पंचेचाळीस-पन्नास किलोंची होते, आणि अशा दहा कुंड्या जुन्या डेकच्या एकाच कोपऱ्यात ठेवणं बरं नव्हे.

तळाला साठा असलेल्या कुंड्यांमध्ये वातीतून पाणी वर चढतं. आठ-दहा लिटर साठ्यावर तीन ते पाच दिवस निघतात. साठ्याच्या तोंडाला बारीक जाळी हवीच, नाहीतर तिथे डास होतात.

पाणी: निम्मा निर्णय इथेच होतो

उन्हाळ्यातल्या भाज्यांना आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर. वर दिलेल्या मापाच्या वाफ्याचं क्षेत्र २.८८ चौरस मीटर, म्हणजे आठवड्याला ७२ लिटर. त्यात तीन नळ्या टाका, प्रत्येकीवर तीस सेंटिमीटरवर एक असे आठ ड्रिपर (थेंब-थेंब पाणी सोडणारी तोंडं), प्रत्येकाचा वेग तासाला २ लिटर. चोवीस ड्रिपर अर्ध्या तासात २४ लिटर देतात. आठवड्यातून तीन वेळा अर्धा-अर्धा तास, टायमर लावून. कडक उन्हाळा असेल तर अर्ध्याचा पाऊण तास करा. वर पाच-सात सेंटिमीटर वाळलेल्या पानांचं किंवा पेंढ्याचं आच्छादन घाला, खोडापासून चार बोटं सोडून.

शनिवार-रविवारी येणाऱ्यांचं गणित नेमकं इथे बिघडतं. पाच दिवस कोरडं, मग दोन दिवस भरपूर पाणी, असं झालं की टोमॅटोचं बूड काळं पडतं. मातीत कॅल्शियम असूनही पाण्याच्या ओढाताणीत ते फळापर्यंत पोचत नाही. वरून कॅल्शियम फवारून फार फरक पडत नाही, पाणी नियमित करायला हवं. टोमॅटो तडकतात आणि काकडी कडू होते, त्यातही बऱ्याचदा हेच कारण असतं.

पाणी आणायचं कुठून? समोर तळं आहे म्हणून लगेच पंप टाकू नका. बऱ्याच ठिकाणी उपशाला परवानगी लागते, आणि काठापासून ठरावीक अंतरात खणायलाही. परवानगी असली तरी उन्हाळ्यात पाण्यावर निळ्या-हिरव्या शेवाळाचा तवंग आला की ते पाणी भाजीला देऊ नये. त्यातली विषं उकळूनही जात नाहीत. एरवीही तळ्याचं पाणी पानांवर न शिंपडता मुळाशी द्या, विशेषतः कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना. ठिबकाला १२० मेशची चकती गाळणी हवी, आणि ती दर आठवड्याला धुवा. पंपाची शोषण उंची व्यवहारात सात मीटरच्या पुढे चालत नाही, म्हणून घर उंचावर असेल तर पंप खाली पाण्याजवळ ठेवावा लागेल. फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाण्यातल्या नळीच्या टोकाची एकेरी झडप, तळाच्या गाळापासून हातभर वर टांगा. पंपाच्या वीजजोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर पंप लावूच नका.

छपराचं पावसाचं पाणी त्या मानाने सोपं. पन्नास चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला की वाया जाणारं सोडून चारशे लिटर हाती लागतं. मात्र एक मीटर उंचीवरच्या पिंपाचा दाब जेमतेम ०.१ बार असतो. दाब-नियंत्रित ड्रिपर आणि पडद्याच्या व्हॉल्व्हचे टायमर त्यावर चालत नाहीत. कमी दाबाचे ड्रिपर आणि बॉल व्हॉल्व्हचा टायमर मागा.

बागेचं खत तळ्यात

गोड्या पाण्यात शेवाळ माजतं ते मुख्यतः फॉस्फरसमुळे. कॅनडात ऑन्टारियोतल्या २२६ क्रमांकाच्या प्रयोग-तळ्यात १९७३ साली मधोमध पडदा लावून हे दाखवलं गेलं: दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातले, एकाच भागात फॉस्फरसही, आणि तोच भाग हिरवा झाला. म्हणून ज्या काठावर मुलं पोहणार आहेत, त्याच काठाच्या वर डीएपी या फॉस्फरसवाल्या खताची पोती फोडू नका. पिशवीवरच्या तीन आकड्यांतला मधला फॉस्फरसचा. माती तपासणीत कमतरता दिसली नसेल तर तो शून्य असलेलं खत घ्या. शेणखतातही फॉस्फरस भरपूर असतो, वर्षाला दोन-तीन सेंटिमीटरचा थर पुरतो.

या बाबतीत चौकटीचा वाफा सरस आहे, कारण पावसात माती जागच्या जागी राहते. कुंड्या मात्र वाटतात तितक्या निर्धोक नाहीत: त्यांच्या बुडातून खताचं पाणी गळत राहतं, आणि डेक पाण्यावर असेल तर ते थेट तळ्यात. कोणताही पर्याय घ्या, काठालगतची पाच ते दहा मीटरची पट्टी न कापलेल्या गवत-झुडपांची राहू द्या, पाण्यापर्यंत फक्त एक अरुंद, वळणाची वाट. पट्टी उंच वाढलेली असली की बदकं-हंसही अंगणात कमी चढतात.

मुलं, आजी-आजोबा आणि कामाची वाटणी

सत्तर दिवसांच्या मुक्कामात काय हाती लागेल? मुळा २५ ते ३० दिवसांत, घेवडा ५० ते ५५, काकडी ५० ते ६०. चेरी टोमॅटोला रोप लावल्यापासून साठ-सत्तर दिवस लागतात, म्हणून बी सहा-आठ आठवडे आधी राहत्या घरीच पेरा आणि तयार रोपं न्या. लावण्याआधी आठवडाभर ती रोज थोडा जास्त वेळ उन्हा-वाऱ्यात ठेवा, नाहीतर पानं भाजतात. लहान मुलांना आधी मुळा द्या, टोमॅटोची वाट बघण्याइतका धीर त्यांच्याकडे नसतो.

पाच लिटरची भरलेली झारी पाच किलोंहून जड होते, सहा वर्षांच्या मुलाला दीड लिटरची पुरे. मुलं पाणी वरवर शिंपडतात. तीन-चार सेंटिमीटर बोट खुपसून ओल बघायची सवय लावा. घेवडा आणि झुकिनी एक दिवसाआड तोडण्याचं काम एकाच्या नावावर लावा. तोडणी राहिली तर फळ जून होतं आणि झाड नवीन फूल धरायचं थांबतं. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी चौकटीच्या कडेला तीस सेंटिमीटर रुंद फळी ठोकली की बसून खुरपता येतं.

वाफ्यातून तळं दिसत असलं तरी खुरपणारा माणूस पहारेकरी नसतो. मुलं पाण्यात असताना एक मोठं माणूस फक्त त्यांच्याकडे बघेल, हातात खुरपं नाही आणि फोनही नाही, दर अर्ध्या तासाने पाळी बदलून. बुडणारं मूल बहुतेकदा ओरडत नाही. चार वर्षांखालची मुलं असतील तर वाफा घराच्या जमिनीकडच्या बाजूला घ्या आणि पाण्याकडच्या बाजूला स्वतः बंद होणारं फाटक बसवा. ऊन थोडं कमी मिळालं तरी चालेल, सहा तास पुरतात.

पहिल्याच उन्हाळ्यात विचारणाऱ्याला आम्ही एक मोठा चौकटीचा वाफा ठिबकासह, मुलांचा एक छोटा आणि स्वयंपाकघराच्या दाराशी चार कुंड्या एवढंच सांगतो. जमिनीतला वाफा पुढच्या वर्षी, चाचण्या झाल्यावर. निघण्याच्या तीन आठवडे आधी टोमॅटोचे शेंडे खुडा, म्हणजे आलेली फळं पिकतात. हिरवट-पांढरट झालेली फळं तोडून नेली तरी घरात पिकतात. शेवटच्या दिवशी वाफ्यावर पानांचा थर पसरा, गाळणी आणि नळ्या रिकाम्या करा, आणि जिथे हिवाळ्यात पाणी गोठतं तिथे पंप काढून घरात ठेवा.