बोटातला जपकाउंटर: सोयीचा, पण ब्रेक नसलेला

भुलेश्वरला किंवा दादर पश्चिमेला पूजासाहित्याच्या दुकानांत हा प्लास्टिकचा काउंटर हमखास दिसतो. पाच आकडी पडदा, मोजायला मोठं बटण, शून्य करायला बारकं बटण, बोटाला पट्टा. लोकलच्या गर्दीत माळ काढायला नको वाटतं, तिथे वस्तू सोयीचीच. आमचा आक्षेप वेगळा आहे: याच्यावर जप धावत सुटतो.

माळेत १०८ मणी झाले की मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा वेगळा मणी, येतो. तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची. तेवढ्यात श्वास जागेवर येतो, मन कुठे भटकलं तेही कळतं. काउंटरवर मात्र १०८ नंतर सरळ १०९. आकडा सतत डोळ्यांसमोर, त्यामुळे ‘हजार होऊ दे, मग उठू’ सुरू होतं.

हिशेब करून बघा. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ ही तेरा अक्षरं स्पष्ट म्हणायला साधारण ४ सेकंद लागतात, म्हणजे एक माळ सात मिनिटांची. तीच ३ मिनिटांत उरकली तर एका जपाला पावणेदोन सेकंदही मिळत नाहीत. ‘जय जय’चं ‘जैजै’ होतं, शेवटचा ‘राम’ गिळला जातो आणि अंगठा तोंडाच्या पुढे पळतो. श्वास वरवरचा होतो, घसा सुकतो, डोकं जड होतं. काहींना यालाच ‘अनुभव’ वाटतो, आणि ते वेग आणखी वाढवतात!

मानसजप, म्हणजे मनातल्या मनात केलेला जप, श्रेष्ठ म्हणून पहिल्याच आठवड्यात तिथे उडी मारणाऱ्यांची गत तीच. डुलकी लागते, अंगठा मात्र चालू. आधी ऐकू येईल असा वाचिक, मग ओठांतल्या ओठांत उपांशु, मग मानस, हा क्रम उगाच नाही. पुरश्चरणात, म्हणजे ठरलेली जपसंख्या नेमाने पुरी करण्याच्या अनुष्ठानात, तर रोजची संख्या सारखीच हवी, कमी नाही नि जास्तही नाही. रविवारी झोप मोडून पाच हजार जादा केले की बुधवारी खंड पडतो. गुरूंना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊच नये.

घेतलाच असेल तर जप माळेवर करा आणि काउंटरवर फक्त माळा मोजा. जवळ माळ नसेल तर १०८ला थांबा, पाच सावकाश श्वास घ्या, आकडा वहीत लिहा, शून्य करा. बटण नाम पूर्ण झाल्यावरच दाबायचं. रोजची संख्या मेगाब्लॉकच्या दिवशीही जमेल एवढीच धरा. वरच्या राममंत्राला तीन माळा, एकवीस-बावीस मिनिटं.

बाकी बारीकसारीक: शून्याचं बटण फार जवळ आहे, धक्का लागला की सगळी मोजणी जाते. खिशात आपोआप दाबला जाऊन आकडा फुगतो. नव्याने जप सुरू करणाऱ्यांनी आधी तुळशीची माळ आणि गोमुखी (माळ झाकून जप करायची कापडी पिशवी) घ्यावी.