सोलर वॉटर हीटर: ट्यूब बदलण्याआधी गरम-थंड नळाचा मिक्सर तपासा (वापरानंतरचा अनुभव)

२०० लिटरची काचेच्या ट्यूबवाली सिस्टिम, २० ट्यूब, टाकीत विजेवर पाणी तापवणारी २ किलोवॅटची कॉइल, पुण्यातली गच्ची, थंड पाण्याच्या लाइनला प्रेशर पंप. शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

ऐन थंडीत सकाळी पाणी कोमट यायला लागलं. कंपनीच्या माणसाने गच्चीवर पाच मिनिटं उभं राहून निदान केलं, ‘ट्यूब गेल्यात, पूर्ण सेट बदलावा लागेल.’ पाइपचं विचारलं तर म्हणे ते वॉरंटीत येत नाही, आणि प्लंबर म्हणतो सोलरवाल्याला विचारा. या दोघांच्या हद्दीच्या मधोमध जो दोष बसतो तो कोणीच शोधत नाही. संतापजनक आहे, कारण तपासायला फुकट आहे.

ट्यूबची परीक्षा सोपी आहे. दुपारी भर उन्हात प्रत्येक ट्यूबला बाहेरून हात लावा. आतलं पाणी कितीही तापलेलं असलं तरी चांगली ट्यूब बाहेरून फारशी गरम लागत नाही, कारण दोन काचांमध्ये निर्वात पोकळी असते. जिची पोकळी गेली, तिचा चटका बसतो. तिच्या खालच्या टोकाची चांदीसारखी चकाकीही जाऊन तिथे पांढरट डाग दिसतो. इथे वीसच्या वीस ट्यूब ठणठणीत निघाल्या.

मग टाकी. गरम आउटलेटला गच्चीवरच टी (तीन तोंडांचा जोड) टाकून एक नळ बसवून घ्या. किरकोळ खर्च आहे, पण पुढची सगळी भांडणं हा नळच मिटवतो. संध्याकाळी आणि पहाटे थर्मामीटर लावून बघा. पफ (टाकीभोवतीचा उष्णता धरून ठेवणारा फोम) चांगला असेल तर रात्रभर पाणी न वापरता पाच-सहा अंशच उतरायला हवेत. पाच-सहाच उतरले आणि तरी बाथरूममध्ये पाणी कोमट, तर घोळ वाटेत आहे. रात्रीत वीस अंश उतरले, तर एकतर पफ भिजलाय किंवा गार पाणी उलटं टाकीत शिरतंय.

आमच्याकडे शिरतच होतं. सोलरची टाकी एअर व्हेंटमुळे (हवा जाण्याच्या नळीमुळे) वरून उघडी, म्हणजे गरम लाइनला उंचीचा जेवढा दाब तेवढाच. तीन मीटर उंचीला जेमतेम ०.३ बार. थंड लाइनला पंपाचे दीड-दोन बार. या दोन लाइन घरात जिथे एकमेकींना भेटतात, तिथून गार पाणी गरम पाइपमधून वर चढतं आणि टाकी थंड करतं. पंप सुरू झाल्यावर एअर व्हेंटमधून पाणी सांडत असेल तर संशय घ्यायला तेवढं पुरे.

खात्रीसाठी टाकीच्या गरम आउटलेटचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि खाली एक गरम नळ उघडा. पाइपमधलं पाणी संपलं की धार थांबली पाहिजे. चालूच राहिली, तर ते पाणी थंड लाइनमधून येतंय. आता एकेका बाथरूमचे अँगल कॉक बंद करत जा. ज्याने धार थांबेल तो गुन्हेगार. नेहमीचे संशयित तीन: समांतर जोडून ठेवलेला जुना गिझर, ज्याचे दोन्ही व्हॉल्व्ह उघडेच राहिलेत, हँड शॉवर बटणावर बंद करून गरम-थंड दोन्ही मुठी उघड्या ठेवलेला मिक्सर, आणि कार्ट्रिज (आतली झडप) झिजलेला एका दांड्याचा सिंगल लिव्हर मिक्सर. आमच्याकडे जुना गिझर निघाला. इनलेट बंद केला, विषय संपला.

मिक्सरचाच दोष असेल तर लोक गरम लाइनला एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) टाकतात, पण बघून टाका. स्प्रिंगचा एनआरव्ही या कमी दाबात नीट उघडत नाही आणि धार बारीक होते. स्विंगचा घ्या, तोही आडव्या पाइपवर. गरम पाइप गच्चीवरून खाली उतरतो, त्या उभ्या भागात बसवला तर झडप उघडीच लटकते. पंप सोलरच्या आधी जोडायची कल्पना कोणी दिली तर साफ नाही म्हणा, ही टाकी दाबासाठी बनलेलीच नसते. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बादलीसाठी दोन वेगळे नळ. बादलीने आंघोळ करणाऱ्या घरात मिक्सर हवाच कशाला?

एवढा कीस काढण्याचं कारण कॉइल. पाणी कोमट आलं की हात कॉइलच्या बटणाकडे जातो. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साडेतीन युनिट लागतात. ग्रिडच्या विजेला युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर रोजचे अडीच किलो. सोलर घ्यायचं ते हे वाचवायला. आणि कॉइल रात्री लावली, की सकाळी टाकी आधीच तापलेली असते आणि सूर्याला काम उरत नाही. पहाटे अर्धा तास लावूनही भागत नाही: एका युनिटमध्ये अख्खी २०० लिटरची टाकी चार अंशच चढते. पावसाळ्यात ढगाळ दिवशी बाथरूममधल्या १५ लिटरच्या गिझरवर लागेल तेवढंच पाणी तापवा, आणि सोलरची कॉइल एमसीबीवरून बंद ठेवा. समांतर गिझर वापरत असाल तर त्या वेळी सोलरकडून येणारी लाइन बंद, आणि वापर झाला की गिझरचा इनलेट बंद. हा क्रम कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

सुरुवातीला या सिस्टिमला दोन तारे देणार होतो. आता यंत्राला चार, सर्व्हिसला एक. चौथा तारा पफसाठी. पाचवा अडकला क्षारांपाशी. बोअरचं पाणी असेल तर ट्यूबच्या तळाशी पांढरा गाळ साठतो, आणि तो काढायला ट्यूब उतरवाव्या लागतात. हे काम सूर्य उगवण्याआधी करा. रिकाम्या तापलेल्या ट्यूबमध्ये गार पाणी गेलं तर ती जागेवर तडकते. बसवताना सिलिकॉन रिंगला साबणाचं पाणी लावून गोल फिरवत आत सरकवा, कोरडी रेटू नका.

पुणे महापालिकेची मिळकत करातली सवलत चालू सिस्टिमलाच असते, तेव्हा नुसती गच्चीवर उभी ठेवून भागत नाही. वार्षिक मेंटेनन्सचा करार करायचा असेल तर ‘गरम लाइनची क्रॉस-कनेक्शन तपासणी’ हे शब्द त्यात लिहून घ्या. आमच्या कंपनीने लिहून द्यायला नकार दिला, म्हणून करार केला नाही.