सांताक्लॉज घरपोच : फोंड्यातील एक अनुभव

नाताळच्या आदल्या संध्याकाळी सांताक्लॉजच्या वेषातील माणूस घरी पाठवणारी एक सेवा आम्ही गेल्या डिसेंबरात गोव्यात, फोंड्यातील आमच्या घरी घेतली. २० मिनिटांच्या भेटीचे १,५०० रुपये. भेटवस्तू आपणच आदल्या दिवशी त्यांच्याकडे पोचती करायची. गृहस्थ ठरल्या वेळी घंटा वाजवत जिना चढून आले, झगा स्वच्छ होता, छायाचित्रांसाठी त्यांनी घाई केली नाही. एवढ्यापुरती सेवा चोख आहे.

माझी तक्रार त्यांच्या अर्जाविषयी आहे. मुलाचे लाडके नाव, आवडता खाऊ यांच्या खाली ‘कोणत्या सवयी सुधाराव्यात’ असा एक रकाना असतो आणि आम्ही तो फारसा विचार न करता भरला. परिणामी आमची सहा वर्षांची मुलगी दूध मोरीत ओतते, ही गोष्ट सांता होऊन आलेल्या पाहुण्यांनी आजी-आजोबांसमक्ष जाहीर केली आणि असेच चालले तर पुढच्या वर्षी पिशवी रिकामी येईल, अशी तंबी दिली. जेवताना ‘बुवा येईल’ म्हणणे आम्ही घरात कटाक्षाने टाळत आलो, आणि तोच बागुलबुवा पैसे मोजून, लाल झगा चढवून दारात आणला. ज्यांच्यावरून हे पात्र घडले, ते संत निकोलस चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातील मायरा येथे बिशप होते. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्यांनी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या घरात टाकल्या, अशी आख्यायिका आहे. ते गुप्तदान होते. मुली दूध पितात का, याची चौकशी त्यात नाही.

‘मुलाला शंका येणार नाही’ अशी हमीही ही मंडळी देतात, आणि ती मला अनावश्यक वाटते. दिवाळीआधी आमच्या वाड्यावर नरकासुराचा पुतळा उभा राहतो, तेव्हा मुलगी स्वतः खळ ढवळते, सांगाड्यात गवत कोंबलेले पाहते, तरीही नरकचतुर्दशीच्या पहाटे त्याला आग लावायची वेळ झाली की माझा हात घट्ट धरते. तो खरा आहे असे तिला कुणी पटवलेले नाही, आणि खोटा आहे असे सांगण्याची वेळही आलेली नाही. ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, कासावली आणि शेजारच्या गावांतले तीन मुलगे राजे होऊन घोड्यावरून टेकडीवरच्या कपेलाकडे, म्हणजे छोट्या चर्चकडे जातात, तेव्हा ती कुणाची मुले आहेत हे गावाला ठाऊक असते. त्यांचे राजेपण त्यामुळे उणे होत नाही. मुलांना या खेळात आपण जरूर सामील करून घ्यावे. मात्र उद्या तिने सरळ विचारले, तर मी खोटे बोलणार नाही.

पाचपैकी तीन गुण. येत्या डिसेंबरातही आम्ही त्यांना बोलावणार आहोत, फक्त तो रकाना कोरा ठेवून.

तिला शंका आली नव्हती असेही नाही. सासूबाईंनी पाहुण्यांना कोकम सरबत दिले, तेव्हा दाढी वर केल्याशिवाय ते पिता येईना आणि कानामागचे इलॅस्टिक स्पष्ट दिसू लागले. मुलीने ते पाहिले, पाठ फिरवली आणि खिडकीतल्या नक्षत्राकडे, म्हणजे नाताळच्या चांदणीच्या आकाराच्या कंदिलाकडे, तोंड करून उभी राहिली. ग्लास खाली ठेवल्याचा आवाज आला, ‘देव बरें करूं’ हे आभाराचे कोकणी शब्दही ऐकू आले, तरी ती वळेना. अखेर तिने तशीच उभी राहून हळूच विचारले, “आई, त्यांचं पिऊन झालं?”